पाऊणकी आणि कबुलायत

अलिबागच्या समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जावयाचे असेल, तर पाणी केव्हा ओसरेल हे आधी ठाऊक असावे लागते; आणि ते ठाऊक करून घेण्यासाठी किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीचे छापील कोष्टक शोधीत नाहीत, त्या दिवसाची तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार: पहाटे पावणेचारला आणि दुपारी पावणेचारला पाणी भरणार, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास किल्ल्याची वाट मोकळी. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. चंद्राच्या गतीमुळे भरती दर तिथीला सरासरीने ४८ मिनिटांनी, जुन्या मापाने बरोबर दोन घटकांनी, पुढे सरकते आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, ही सरक ४५ मिनिटांची धरते. ही तीन-तीन मिनिटांची तूट साचत साचत पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासापर्यंत जाते, म्हणून पौर्णिमेला पाऊणकी सव्वाअकरा सांगते आणि पाणी मात्र बाराच्या आसपास भरते. होडीच्या तांडेलाला हे ठाऊक असते. पंधरवडा सरत आला की तो आपल्या उत्तरात थोडी भर घालतो, आणि उधाणाची मोठी भरती व भांगाची लहान भरती यांतील पाण्याच्या ओढीचा फरक त्यात मिळवून डोल जाळे केव्हा लावावे आणि केव्हा उपसावे याचा निर्णय घेतो.

याच गावात १९०४ सालापासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार आणि त्यांच्या प्रवाहाने तेथील कुलाबा वेधशाळेतील नोंदी बिघडणार, हे ओळखून त्या वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत ती येथे आणली गेली, आणि तिच्या इमारतीत लोखंड वापरावयाचे नाही असा कटाक्ष पाळला गेला. पृथ्वीच्या चुंबकत्वावर चंद्राच्या गतीचा पडणारा सूक्ष्म परिणाम अशा दीर्घकालीन नोंदींतूनच पारखता येतो. एकाच चंद्राचा हिशेब ठेवणारी ही दोन ज्ञानस्थाने, वेधशाळा आणि कोळ्यांचा किनारा, एकमेकांपासून फार दूर नाहीत. परंतु एकाच्या दारावर पाटी आहे, ग्रंथालय आहे, सरकारी मंजुरीची पदे आहेत, आणि दुसऱ्याला ज्ञानस्थान म्हणावयाचे कोणाच्या मनातही येत नाही. या भेदाविषयी आजवर पुष्कळ भावनाप्रधान लेखन झालेले आहे, आणि त्यात आणखी भर घालण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. अलीकडच्या संशोधनाने या भेदाला जे मोजमाप दिले आहे, ते मात्र भावनेपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे.

ते संशोधन २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. संशोधकांची माणसे साधी गिऱ्हाइके होऊन मुलांकडे जात, दोन वेगवेगळ्या जिनसा अडनिड्या वजनाने मागत, आणि मोठी नोट पुढे करून सुटे परत घेत. जवळजवळ सर्व मुलांनी हे हिशेब बिनचूक केले. मग त्याच मुलांपुढे त्याच तोडीची, किंबहुना त्याहून सोपी गणिते शाळेच्या रीतीने कागदावर मांडून ठेवली, तेव्हा त्यांना ती सुटेनात. मुलांनी भाव पाठ केले असतील, शेजारच्या दुकानदाराने मदत केली असेल, परीक्षेच्या वातावरणाने ती गांगरली असतील, या शंका कोणाही सावध वाचकाला येतील; संशोधकांनाही त्या आल्या होत्या, आणि त्यांनी त्या एकेक करून तपासल्या. त्यांपैकी एकीनेही हा फरक उलगडला नाही.

येथवरची हकीकत ऐकून मास्तर आणि पुस्तक यांची टर उडविण्यास कोणी सरसावेल, तर त्याने तिचा उत्तरार्धही ऐकावा. याच बाजारांच्या आसपासच्या शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांना तीच कसोटी लावली गेली. कागदावरची साधी गणिते या मुलांनी अधिक बरोबर सोडविली. बाजारातल्या हिशेबाचे जे एक गणित काम करणाऱ्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिक जणांना आले, ते मात्र शाळकरी मुलांपैकी अवघ्या एक टक्क्याला आले. ही मुले कागदावर लांबलचक, आडवळणाच्या रीती करीत बसली, आणि दोन क्रिया एकत्र करण्याची वेळ आली तेव्हा अडखळली. म्हणजे बाजारात शिकलेले शाळेपर्यंत पोचत नाही आणि शाळेत शिकलेले बाजारापर्यंत पोचत नाही. वाट दोन्ही बाजूंनी बंद आहे.

या शोधाला पूर्वपीठिका आहे, आणि ती नारळाची असल्यामुळे अलिबागकरांना आपलीशी वाटण्यास हरकत नाही. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे या बंदराच्या शहरातल्या, रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास कॅराहर दांपत्य व श्लीमान यांनी प्रसिद्ध केला. पस्तीस क्रुझेरोला एक, या भावाने दहा नारळांचे किती होतील, असे विचारल्यावर बारा वर्षांच्या एका मुलाने तीन नारळांचे एकशेपाच, आणखी तिनांचे मिळून दोनशेदहा, आणखी तिनांचे मिळून तीनशेपंधरा, आणि वरच्या एकाचे धरून साडेतीनशे, असा पायऱ्यापायऱ्यांनी हिशेब केला. पस्तीसवर शून्य चढवावे, हे त्याला सुचले नाही. ती रीत झटपट आहे यात संशय नाही. पण शून्य चढविल्याने दहापट का होते हे तिसरी-चौथीतल्या मुलाला विचारून पाहिले असता जे उत्तर मिळते, ते ऐकल्यावर त्या नारळवाल्या पोराची लांबची वाटच अधिक जाणती वाटू लागते. बाजारात या पाच मुलांची अठ्ठ्याण्णव टक्के उत्तरे बरोबर होती. तेच आकडे नुसत्या उदाहरणांच्या रूपाने पुढे ठेवले तेव्हा सदतीस टक्के. पाच मुलांवरून सिद्धान्त उभारता येत नाही, हा आक्षेप चाळीस वर्षे उभा होता. कोलकाता-दिल्लीच्या पाहणीने तो आता खाली बसविला आहे.

हे सर्व वाचीत असता महाराष्ट्राच्या वाचकाला एक गोष्ट आठवावयास हवी, आणि ती आठवत नाही याचे नवल वाटते. आपल्याकडे ही वाट सदैव बंद नव्हती. पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरविणारा मुलगा संध्याकाळी जे घोकीत असे, त्यात उभे पाढे तर असतच, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हेही असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज एखाद्या पदवीधराला साडेतीन गुणिले सतरा विचारले तर तो खिशातला फोन काढील. हे अपूर्णांकांचे पाढे कोणा तत्त्वज्ञाने शिक्षणशास्त्राच्या चिंतनातून निर्माण केलेले नव्हते. सोळा आण्यांचा रुपया, चार पावशेरांचा शेर, वीस मणांची खंडी अशा व्यवहारातून ते शाळेत शिरले, आणि शाळेतून घासूनपुसून पुन्हा व्यवहारात गेले. शाळा आणि बाजार ज्या एका हत्याराने काम करीत होते, ते हे पाढे होते. भरतीचा नियम पाऊणकीत बसला तो याचमुळे: ज्याने शाळा पाहिली नाही अशा कोळ्यालाही पाऊणकी कानावरून ठाऊक होती.

मग १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, आणि १९५६ च्या कायद्यान्वये पुढील काही वर्षांत किलो-मीटरही आले. दशमान पद्धती आणण्यात सरकारने चूक केली असे म्हणण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. गावोगावच्या निरनिराळ्या शेरांनी आणि पायल्यांनी शेतकऱ्याची जी लूट चाले, ती पाहता एक प्रमाण माप हे न्यायाचेच साधन होते. परंतु आणे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर अपूर्णांकांचे पाढेही निरुपयोगी ठरवून शाळेने टाकून दिले, आणि बाजाराने मात्र टाकले नाहीत. बाजारात आजही पाव किलो, पाऊण किलो, सव्वा, दीड, अडीच यांतच तोलले व बोलले जाते, वर्गात ०.७५ शिकविले जाते. एकाच संख्येची ही दोन घरे झाली, आणि एका घरातले मूल दुसऱ्या घरी गेले की परके होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘तेवीस’च्या जोडीला ‘वीस तीन’ छापले गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळातून केवढा गहजब झाला, आणि गणिताच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना किती खुलासे करावे लागले! पाऊणकी गेली तेव्हा कोणी चकार शब्द काढल्याचे ऐकिवात नाही.

अलिबागच्या मासळीबाजारात घटकाभर उभे राहिले तर या दुसऱ्या घराचा कारभार दिसतो. कोळीण करंदीचे वाटे मांडून बसलेली असते. दोनशेला तीन, हा तिचा भाव. गिऱ्हाईक दोनच वाटे मागते आणि शंभर देऊ करते. ती मान हलविते, "एकशेतीसला न्या, ताई," म्हणते, आणि गिऱ्हाईक वळू लागले की तिसऱ्या वाट्यातली चिमूटभर करंदी उचलून दोनांवर टाकते. दोनशेचा दोनतृतीयांश एकशेतेहतीस होतो. ते वरचे तीन रुपये तिने बोलण्याच्या सोयीसाठी सोडले, आणि भाव न पाडता गिऱ्हाईक राखण्याची किंमत चिमटीने मोजली. पहाटे धक्क्यावर टोपली कितीला घेतली, बर्फाचे किती गेले, रिक्षाला किती पडले आणि ऊन चढल्यावर या मालाचे काय होईल, हे सर्व त्या एकशेतिसात आधीच जमेस धरलेले असते. तिच्या शेजारी बसून सुटे मोजून देणारी तिची नात बहुधा जवळच्याच एखाद्या शाळेत जात असते, आणि तेथे गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यात तिला कितपत मार्क मिळत असतील याचा अंदाज वरील संशोधनावरून कोणासही बांधता येईल.

तेव्हा उपाय काय, असे विचारले की शिक्षणखात्याचे नेहमीचे उत्तर तयार असते: पाठ्यपुस्तक जीवनाशी जोडा. मग पुस्तकात नारळ येतात, होडी येते, टोपली घेतलेल्या कोळिणीचे चित्र येते, आणि त्या चित्राखाली तेच जुने गणित असते. हा उपाय निरर्थक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कोलकात्याच्या मुलांना भाज्यांची नावे कमी पडली नव्हती. कमी पडली ती तोंडच्या रीतीपासून कागदाच्या रीतीपर्यंत नेणारी पायरी. ती बांधावयाची तर मुलाने उत्तर कसे काढले हे त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे लागेल, ते जसेच्या तसे फळ्यावर उतरवावे लागेल, आणि मग त्यातून आडवी-उभी मांडणी कशी निघते हे दाखवावे लागेल. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अरिंदम बोस व के. सुब्रमण्यम यांनी धारावीतील मुलांच्या कामातील गणिताचा जो अभ्यास केला, त्यातूनही हेच दिसते की घरच्या उद्योगात हातभार लावणाऱ्या मुलांजवळ मोजणीचा आणि हिशेबाचा साठा मोठा असतो, आणि वर्ग त्याची दखल घेत नाही. वर्गात साठ-साठ मुले आणि डोक्यावर परीक्षा असता मास्तराने एकेकाचे कसे ऐकावे, हा प्रश्न खरा आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, डॉ. कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढून हातांच्या कामातून विद्या शिकविली. दोन्ही प्रयोगांचे कौतुक झाले, सत्कार झाले, आणि सार्वत्रिक शाळा होती तशीच राहिली. १९३७ च्या वर्धा परिषदेतील नयी तालीमचेही याहून निराळे झाले नाही. कौतुक करून बाजूला ठेवणे ही आपल्या समाजाची नापसंती कळविण्याची सभ्य रीत असावी.

तथापि या प्रश्नाची दुसरी बाजू मांडल्याखेरीज हा लेख लबाडीचा होईल. रस्त्यावरच्या विद्येचे गोडवे गाणारा एक वर्ग विद्यापीठांतून तयार झालेला आहे, आणि त्याला असे वाटते की कोळिणीला तिचे गणित येते एवढे पुरे आहे. ते पुरे नाही, याची साक्ष अलिबाग तालुक्यातीलच चरी हे गाव देते. जेथे सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत हा वसुली करणारा वतनदार असे, त्या खोती मुलखातल्या कुळाला आपल्या शेतात किती भात पिकले आणि खळ्यावरून किती खंडी उचलले गेले हे बोटावर ठाऊक असे. त्याच्या गणितात खोट नव्हती. परंतु कबुलायत, म्हणजे कुळाचा करारनामा, खोत लिहवून घेई, वही खोताची असे, बाकी खोताच्या कारकुनाने काढलेली असे, आणि कुळाचा त्या कागदाशी संबंध अंगठ्यापुरता असे. तोंडचा हिशेब खळ्यावर बरोबर ठरे आणि मामलेदाराच्या कचेरीत तो कोणी ऐकूनही घेत नसे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली आणि पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये निरक्षर शेतकऱ्याला कागदपत्रांत कसे गुंडाळले जाते हे मांडले, ते शेतकऱ्याला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. कागदावरचे अक्षर ही सत्ता आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती आहे, हे त्यांनी ओळखले होते.

चरीच्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसावयाची नाही असा निर्धार केला, आणि तो संप सुमारे सहा वर्षे चालला. पिकत्या जमिनी ओसाड ठेवून सहा वर्षे पोट कसे भरले असेल याची कल्पना करणे आज कठीण आहे. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि त्याच वर्षी पाटलांनी ‘कृषीवल’ पत्र सुरू केले. हे शेवटचे या लेखाच्या दृष्टीने मोठे महत्त्वाचे आहे. संप, विधेयक आणि वर्तमानपत्र ही तिन्ही एकाच काळात यावीत यात योगायोग थोडा. ज्यांचा हिशेब आजवर तोंडी होता, त्यांनी तो कागदावर आणि कायद्यात उतरविण्याचे ठरविले होते. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९३९ साली झाला, खोती नष्ट करणारा १९४९ साली. जे लोक शाळेच्या गणिताला मध्यमवर्गीय थोतांड समजून वगळू पाहतात, त्यांनी चरीच्या एखाद्या वृद्धाला भेटावे आणि अंगठा उठविणे म्हणजे काय असते ते विचारावे.

म्हणून कामातून शिकणे आणि कामाला जुंपले जाणे यांतील रेषाही पुसता कामा नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगारविषयक कायदा चौदा वर्षांखालील मुलास कोठेही कामाला ठेवू देत नाही; अपवाद आहे तो मुख्यतः शाळेच्या वेळेनंतर व सुटीत घरच्या धंद्यात मदत करण्याचा. हा अपवाद वाडीत सुपारी सोलणाऱ्या आणि आजीबरोबर बाजारात बसणाऱ्या मुलांना लागू पडतो, आणि त्याच्या आडोशाने शाळा सुटण्याची भीतीही त्यातच आहे. कोलकाता-दिल्लीच्या त्या १,४३६ मुलांची हुशारी कोणालाही भुरळ पाडील, पण त्यांना ती मिळाली ती बालपणाच्या मोबदल्यात, हे संशोधकांच्या तक्त्यांत मावत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत, त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावे अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. परंतु ज्या मुलीला वर्षातले तीनशे दिवस मासळीबाजार दिसतो, तिला आणखी दहा दिवस तेथे पाठवून काय साधेल? तिच्या बाबतीत बाजारातले दहा दिवस वर्गात आणावे लागतील.

आणि हे आणणे आता निकडीचे झाले आहे, कारण चरीच्या वेळचा कागद नव्या रूपाने दारात आला आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबाग तालुक्यातील वाडीला व भातखाचराला मुंबईचे गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा कितीतरी जवळ आले. याच तालुक्यातील कार्ले-खंडाळे गावांकडे भात निघाल्यावर पांढरा कांदा लावणारा आणि त्याच्या माळा विणून रस्त्याच्या कडेला विकणारा शेतकरी माळेच्या भावात कोणाला हार जाणार नाही. पण जमिनीची बोली होते ती गुंठ्यांत आणि सातबारावर क्षेत्र असते ते हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, १,०७६ चौरस फुटांच्या आसपास. बोलण्यात दोन्ही एकच धरले जातात, आणि एका गुंठ्यात तेरा चौरस फुटांसाठी कोणी भांडत नाही. एकरात चाळीस गुंठे; पाचशे चौरस फूट गेले, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. ज्या तालुक्यात अर्ध्या गुंठ्याला आज जी किंमत येते ती आजोबांनी कदाचित जन्मभरात एकरकमी पाहिली नसेल, त्या तालुक्यातल्या सातवीच्या वर्गात क्षेत्रफळाचा धडा असतो, चौरस सेंटिमीटरमध्ये. फळ्यावर एक खरा सातबारा, नावे झाकून, लावावा. मुलांना घरी जाऊन आजोबांना गुंठ्याचा हिशेब विचारून यावयास सांगावे. आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन आकड्यांत फरक का पडतो, हे त्यांनीच काढावे. याला शासननिर्णय लागत नाही, निधी लागत नाही. मुख्याध्यापकांची हरकत मात्र येऊ शकेल, कारण या गणिताचे उत्तर घरी पोचल्यावर गावातल्या एखाद्या व्यवहाराची फेरतपासणी सुरू होण्याचा संभव आहे.